हवेतली भाऊबंदकी

स्वस्त विमान कंपनीच्या काउंटरपुढं कुणी दीड मीटर लांबीचं पुठ्ठ्याचं खोकं घेऊन उभं राहिलं, की मागच्या रांगेचा त्या माणसाविषयीचा निकाल लागलेलाच असतो. पंगतीत वाढपी पुढं गेल्यावर त्याला हाक मारून तिसऱ्यांदा जिलबी मागणाऱ्याकडे लोक बघतात, तसं त्याच्याकडे बघितलं जातं. संवादही ठरलेला. ‘यात काय आहे?’ ‘सायकल.’ ‘लहान मुलांची?’ ‘नाही, मोठ्यांची.’ ‘म्हणजे चालवायची?’ ‘हो.’ यावर काउंटरवरची मुलगी फोन उचलून कुणा सरांना विचारते, ते सर दुसऱ्या सरांना विचारतात, आणि तेवढ्यात रांगेतले एक काका, ज्यांच्या स्वतःच्या बॅगेत पाच किलो बाकरवडी आहे, ‘मग चालवतच का नाही नेली?’ असं म्हणून घेतात. सायकल विमानानं नेणारा एक तर वेडा असतो नाहीतर पैसा जास्त झालेला असतो, असं रांगेचं मत. विमान कंपनी लुटारू असते, असं सायकलवाल्याचं मत. मला दोन्ही मान्य नाहीत. माझं म्हणणं असं, की सायकल आणि स्वस्त विमान ही एकाच घराण्यातली आहेत. दोघांचं कुलदैवत एक, दोघांचे हट्ट एक, आणि काउंटरवर जे चालतं ती निव्वळ भाऊबंदकी आहे. परक्या माणसाशी कुणी इतक्या ग्रॅमांवरून भांडत नाही.

भाऊबंदकी म्हटली की आधी वंशावळ काढावी लागते. ऑर्व्हिल आणि विल्बर राइट हे अमेरिकेतल्या डेटन गावचे सायकलवाले. १८९२ मध्ये त्यांनी दुकान काढलं; आधी विक्री-दुरुस्ती, मग स्वतःच्या बनावटीच्या सायकली. उडण्याचा नाद लागला तेव्हा भांडवल आलं ते सायकलींच्या नफ्यातून. पंखांचे आकार तपासायला १९०१ मध्ये त्यांनी सायकलीच्या हँडलपुढं एक तिसरं चाक आडवं बसवलं, त्यावर पंखाचे नमुने लावले आणि वारा लागावा म्हणून गावातून जोरजोरात पेडल मारले. डेटनमधले काका तेव्हा काय म्हणाले असतील, याची कल्पना कुणालाही करता येईल. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूत जे यंत्र उडालं, त्याचे पंखे साखळी आणि दातेरी चक्रांवर फिरत होते. ज्या छोट्या गाड्यावर बसून ते रुळावरून सुटलं, त्याला सायकलीचे हब लावलेले होते. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं. भागाकार करून पाहिला तर जमिनीवरचा वेग ताशी अकरा किलोमीटर भरतो. समोरून सोसाट्याचा वारा होता हे कबूल. पण शेजारून एखादा दूधवाला जात असता तर दोन्ही बाजूंच्या किटल्या न हिंदकळू देता त्यानं विमानाला मागं टाकलं असतं. एवढं रक्ताचं नातं असताना आज धाकटी पाती थोरलीला आपल्या पोटात जागा देताना विचारते, ‘तिन्ही बाजूंची बेरीज किती?’

बेरीज १५८ सेंटीमीटरच्या आत हवी असते. सायकलीचं खोकं १४० लांब, ८० उंच आणि वीसएक रुंद. बेरीज करत बसण्यातही अर्थ नाही.

कुलदैवताचं नाव वजन. ज्यांना ही अतिशयोक्ती वाटते त्यांनी दोन्ही घरांतली पूजा बघावी. गोएअर या आता बंद पडलेल्या कंपनीनं २०१३ मध्ये असं ठरवलं, की यापुढं विमानात सेवेसाठी फक्त मुलीच घ्यायच्या, कारण त्या पुरुषांपेक्षा पंधरा-वीस किलोंनी हलक्या असतात आणि तेवढं इंधन वाचतं. युरोपातल्या रायनएअरच्या खुर्च्या मागं रेलत नाहीत आणि त्यांना मासिकं ठेवायचा खिसाही नाही. तिचे प्रमुख मायकेल ओ’लिअरी यांनी २००९ मध्ये विमानातल्या संडासाला पैसे लावण्याचा विचार बोलून दाखवला होता. प्रवाशानं ते वजन घरीच उतरवून यावं, एवढाच शास्त्रीय हेतू त्यामागं असणार. आता पलीकडच्या घरात या. तिथं एक गृहस्थ बाटली अडकवायचा कार्बनचा पिंजरा घेऊन बसलेत. साध्या पिंजऱ्यापेक्षा तो तीसेक ग्रॅमांनी हलका म्हणून त्यांनी दोन-तीन हजार मोजले, आणि आता त्यात ते पाऊण लिटर पाणी ठेवणार आहेत. स्टीलचे बोल्ट काढून टायटॅनियमचे बसवण्यात त्यांचा रविवार गेला. पोट थोडं उतरवलंत तर चार किलो फुकटात वाचतील, असं सुचवलं तर ते अपमान मानतात. हे वेड इतकं वाढलं, की सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला, म्हणजे यूसीआयला, शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये असा नियम २००० पासून लागू करावा लागला. म्हणजे एक संस्था सांगते याहून हलकं होऊ नकोस, दुसरी सांगते याहून जड होऊ नकोस. सायकलवाला बिचारा मधल्या फटीत पगार ओततो.

या फटीचं माप आपल्याकडे १५ किलो. देशातल्या स्वस्त विमानात चेक-इनचं सामान साधारण तेवढंच चालतं. सायकल नऊ-दहा किलोंची; म्हणजे वरकरणी पाच किलो शिल्लक. पण सायकल उघडी देता येत नाही, आणि ती नीट नेणारी टणक पेटी स्वतःच दहा-बारा किलोंची असते. आयुष्यभर ग्रॅम ग्रॅम वाचवलेली सायकल तिच्याहून जड पेटीत घालून न्यायची, हे काही मनाला पटत नाही. मग माणूस सायकलीच्या दुकानात जातो. ‘दादा, नव्या सायकलीचं एखादं खोकं आहे का?’ ‘कालच भंगारवाल्याला दिली सगळी.’ हा ‘काल’ सायकलच्या दुकानात रोज असतो. चार चकरांनंतर खोकं मिळतं आणि दिवाणखान्यात चिरफाड सुरू होते. पुढचं चाक काढा, सीट काढा, हँडल फिरवा, मागचा गिअर ज्या नाजूक पट्टीला लटकतो तो हँगर वाकू नये म्हणून गिअरच सोडवून आत बांधा. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे प्रत्येक सायकलवाल्याला पाठ असतं आणि प्रत्येक जण ते आधी उलट्या बाजूनं आवळतोच. मग ते सुटावं म्हणून पान्यावर उभं राहण्यापर्यंत मजल जाते. शेवटी फोमच्या नळकांड्या, झिप टाय, जुन्या चादरी आणि टेपचा दुसरा रोल संपल्यावर खोकं बंद होतं. काट्यावर ठेवलं की सतरा. मग बूट आणि जाकिटं बाहेर येतात आणि अंगावर चढतात. मे महिन्यात पुण्यात लोहगावच्या विमानतळावर दोन जाकिटं घालून घामाघूम झालेला माणूस दिसला तर तो आजारी आहे असं समजू नये. आणि स्कॅनरपाशी कुणी ‘उघडून दाखवा’ म्हणालं, तर टेप कापायची कात्री आणि बोल्ट सोडवायच्या ॲलन की हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत म्हणून खोक्याच्या आत ठेवलेल्या असतात.

आता कंपनीची बाजू ऐकू. ती म्हणते, तिकीट स्वस्त आहे ते तुमच्या एकट्याच्या देहाचं; बाकीचं ज्यानं त्यानं भरावं. यात खोट काढता येत नाही. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली; तिचा शुभंकर होता आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. चौकड्यांचा कोट, धोतर आणि गप्प तोंड. त्याच्याकडे सामान असं काही नव्हतंच. स्वस्त विमानाला हवा असतो तो प्रवासी नेमका असाच, तोंड आणि बॅग दोन्ही बंद ठेवणारा. २०२१ मध्ये विमान वाहतुकीची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएनं बॅग नसलेल्या प्रवाशाला कमी दरात तिकीट द्यायची मुभा दिली, म्हणजे आता ते शास्त्रोक्तही झालं. सायकलीचं खोकं सरकत्या पट्ट्यावर बसत नाही, ते दोन माणसांनी उचलून वेगळ्या वाटेनं न्यावं लागतं, आणि विमानाच्या पोटात ते आडवं पडलं की त्याच्या जागी चार बॅगा राहिल्या असत्या. तेव्हा जादा पैसे घ्या, जरूर घ्या. पण रायनएअर एका बाजूचे सायकलीमागं ६० युरोंच्या घरात घेत आली आहे, आणि तिच्या सेलमधलं माणसाचं तिकीट त्याच्या निम्म्यालाही मिळतं. सायकल जेवत नाही, खिडकी मागत नाही, उतरताना सगळ्यांच्या आधी उभी राहून डोक्यावरचा कप्पा उघडत नाही. तरी भाडं मालकाच्या दुप्पट. सायकलवाल्याला याचं दुःख होतं असं मात्र समजू नका. आपल्यापेक्षा सायकलीची किंमत जास्त, हे त्याला आधीपासूनच मान्य असतं. घरचे ते मान्य करत नाहीत एवढंच.

पण या भाऊबंदकीचा खरा कस लागतो तो हवेवर. बहुतेक विमान कंपन्यांचा आग्रह असतो की टायरमधली हवा काढूनच सायकल द्यावी, नाहीतर वर गेल्यावर टायर फुटेल. या भीतीला जरा आकडे लावू. प्रवासी विमानाचा सामानाचा कप्पा माणसांच्या केबिनइतक्याच दाबाखाली असतो, आणि तिथला दाब फार तर आठ हजार फुटांवरच्या हवेइतका उतरतो. त्यामुळं टायरवरचा ताण वाढून वाढून चौरस इंचाला जेमतेम चार पौंडांनी वाढतो. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत मुळातच शंभरेक पौंड हवा असते. हीच सायकल नागपुरात मे महिन्यात सावलीतून उन्हात काढली आणि टायर तीस अंशांनी तापलं, तर दाब अकरा-बारा पौंडांनी चढतो. तरी भर दुपारी सीताबर्डीत टायर फुटल्याचे बार ऐकू येत नाहीत. समजा कप्प्यातला दाब पार निघून गेला, अगदी निर्वात पोकळी झाली, तरी वाढ पंधरा पौंडांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि तशी वेळ आलीच तर विमानातल्या मंडळींना टायरपेक्षा मोठ्या काळज्या असतील. याहून गंमत खाली आहे. ज्या विमानात ही हवा काढलेली सायकल चढते, त्याच्या स्वतःच्या चाकांत चौरस इंचाला दोनशेच्या आसपास पौंड नायट्रोजन ठासलेला असतो, आणि ती चाकं उड्डाणानंतर ज्या खणात मिटतात तिथं दाब राखायची सोयच नसते. सुटण्याआधी वैमानिक खाली वाकून ‘हवा काढली का रे?’ असं त्यांना विचारत नाही.

यावर कुणी म्हणेल, असू दे. सावधगिरीचा नियम आहे, पाळला तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. टायर पूर्ण चपटं झालं की सामान आदळताना रिमला आधार राहत नाही. म्हणून थोडी हवा ठेवावी लागते. मग ‘हवा काढली?’ ‘काढली.’ ‘पूर्ण?’ ‘थोडी आहे, रिमसाठी.’ ‘पूर्ण काढा.’ खोक्याला उचलायसाठी भोक असतं, त्यातून एक अंगठा आत जातो, टायर दाबतो आणि मान हलवतो. अशा अंगठ्यापुढं आठ हजार फुटांचं गणित मांडता येत नाही; अनुभवी माणूस ‘पूर्ण काढली’ म्हणतो, आणि देशातली बरीचशी सायकल-वाहतूक या एका थापेवर सुरळीत चालू असावी. आता ती सायकल लेहला उतरते. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर, म्हणजे कप्प्यातल्या त्या आठ हजार फुटांच्याही वर. टायरला फुटायचंच असेल तर ते विमानात नव्हे, उतरल्यावर सामान घ्यायच्या ठिकाणी फुटायला हवं. पुढं तोच माणूस खारदुंगलाला जातो. तिथल्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असतं, खिंड खरी ५,३५९ मीटरची, पण थोडी मीठमिरची पाटीलाही हवीच. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो आणि टायर गच्च भरलेलं असूनही मुकाट वर चढतं. फक्त ते गच्च भरायचं काम आधी लेहमध्ये हातपंपानं करावं लागतं. पहिले दोन दिवस अजिबात श्रम करू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं असतं; वीस दट्ट्यांनंतर माणूस पंपाला धरून बसतो आणि पुण्यातल्या त्या अंगठ्याची आठवण काढतो.

सगळ्यात शहाणा आक्षेप असा, की एवढा व्याप कशाला, तिथंच भाड्यानं घ्या. लेहला, मनालीला सायकली भाड्यानं मिळतात आणि त्या चांगल्याही असतात. पण हा सल्ला देणाऱ्यानं सायकलवाल्याची सीट पाहिलेली नसते. चामड्याची असेल तर शेकडो किलोमीटरनंतर ती मालकाच्या बैठकीचा साचा होऊन बसलेली असते. तिची उंची मिलिमीटरमध्ये मोजून नळीवर टेपची खूण केलेली असते, आणि ती खूण अर्ध्या सेंटीमीटरनं खाली गेली तर हे गृहस्थ दोन दिवस गुडघ्याविषयी बोलतात. मग रेल्वेनं पाठवा? रेल्वे सायकल नेते, आणि मनाचा मोठेपणा असा की टायरची हवा विचारत नाही. गोणपाटात गुंडाळून, वर मार्करनं नाव-गाव लिहून ती ब्रेक व्हॅनमध्ये जाते. मालकाच्याच गाडीनं उतरेल याची खात्री मात्र कुणी देत नाही, आणि लेहला तर रेल्वेच नाही. घडीची सायकल घ्या, असंही सुचवलं जातं. ती पोटाशी धरून नेता येते खरी, पण तिच्या छोट्या चाकांवर खारदुंगला चढायला वेगळ्या जातीचा हट्ट लागतो. बॅटरीवाल्यांचा प्रश्न विमान कंपन्यांनी परस्पर सोडवलाय. प्रवाशाला १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेताच येत नाही आणि ई-सायकलची बॅटरी जवळपास नेहमीच त्याहून मोठी. सायकल जाऊ शकते, ‘ई’ मागं ठेवावी लागते.

पैसे भरले, हवेची थाप पचली, की एक चिठ्ठी पुढं येते. ‘इथं सही करा.’ ‘हे काय?’ ‘लिमिटेड रिलीज.’ म्हणजे सामान नाजूक आहे, मोडलं तर आमची जबाबदारी नाही, असं मालकानंच लिहून द्यायचं. सही झाल्यावर खोक्यावर ‘नाजूक’ असं सांगणारा काचेच्या पेल्याचा लाल स्टिकर चिकटवतात. हा स्टिकर उचलणाऱ्याला सावध करतो की कुठं आपटायचं ते दाखवतो, याविषयी सायकलवाल्यांमध्ये दोन पंथ आहेत. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून सात दिवसांत करावी लागते. हँगर वाकलाय हे मात्र आठव्या दिवशी, पहिला मोठा चढ लागल्यावर, गिअर चाकाच्या तारांत शिरतो तेव्हा कळतं.

आणि ज्याला मनालीहून लेहपर्यंत सायकलनं जायचं असतं, त्याची अडचण कुठल्याच नियमात लिहिलेली नसते. खोकं मनालीत उघडतं आणि मनालीतच राहतं. परतीचं विमान लेहहून. पाठीवर खोकं बांधून सव्वाचारशे किलोमीटर आणि पाच हजार मीटरच्या खिंडी कुणी ओलांडत नाही. त्यातून लेहमध्ये कुलदैवत अधिकच कडक. हवा विरळ असल्यामुळं तिथून सुटणाऱ्या विमानाला उचलता येणारं वजन आधीच कमी असतं, आणि माणसं, बॅगा, सायकल यांत काही मागं ठेवायचं झालं तर काय राहणार हे सांगायला नको. ‘सायकल उद्याच्या फ्लाइटनं येईल.’ ‘उद्या नक्की?’ ‘जागा असली तर.’ पण त्याच्याही आधी खोकं शोधायला हवं. सायकलींची दुकानं मोजकी, आणि त्यांची खोकी आधीच्या तुकडीनं नेलेली. मग बाजारात विचारत विचारत माणूस इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानामागं पोचतो, तिथं पंचावन्न इंची टीव्हीचं रिकामं खोकं शंभर रुपयांना मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते काउंटरवर उभं राहतं. ‘टीव्ही आहे?’ ‘नाही, सायकल.’ ‘मग वर टीव्हीचं चित्र का?’ ‘खोकं टीव्हीचं आहे.’ ‘मग टीव्ही कुठं आहे?’